हिरवा ठिपका

वेणू चिऱ्याच्या पायरीवरून घसरून पडली, तेव्हा केतकी दारातच उभी होती. गुडघा चांगलाच फुटला होता. लाल दगडावर रक्ताचा ओघळ उतरला. केतकी धावली, लेकीला उचललं आणि सगळ्यात आधी तिचं डावं मनगट उलटं करून पाहिलं.

मनगटावरच्या पट्टीतला ठिपका हिरवा होता.

"हुश्श," केतकी म्हणाली. मग तिला गुडघा दिसला.

शेजारच्या फिलूमावशी कुंपणापलीकडे बांगडे साफ करत बसल्या होत्या. त्या हात धुऊन लगबगीने आल्या. "अगो बाय माझे, केदां रगात इलां! आणि ह्या चेडवाक रडूक येणा नाय काय गो?"

"शूर आहे ती," केतकी घाईने म्हणाली.

मावशींची नात रोझलिन वेणूच्याच वयाची. परवा तिच्या बोटात साधं कुसळ गेलं, तर तिने अख्खी वाडी डोक्यावर घेतली होती. वेणू मात्र नऊ वर्षांची असून गप्प होती. तिने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ठिपक्याकडे, आणि मग समोरच्या माडांकडे पाहत हळूहळू श्वास सोडला. हळद भरतानासुद्धा तिने हूं की चूं केलं नाही.

तेवढ्यात केतकीचा फोन वाजला. धुळ्याहून हर्षद होता, वेणूचा बाबा.

"आत्ता एक क्षण पिवळं झालं होतं. काय झालं?"

"पडली. खरचटलंय थोडं."

"कशी पडली? तू कुठे होतीस?"

वेंगुर्ल्याला आल्यापासून हे असंच चाललं होतं.

धुळ्याला केतकी आणि हर्षद वेगळे झाले, ते काही कोर्टात एकमेकांची लक्तरं काढून नव्हे. दहा वर्षांच्या संसारात दोघांचं बोलणंच आटत गेलं, इतकंच. फवारणीचे ड्रोन दुरुस्त करायचा हर्षदचा कारखाना होता. केतकी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. दोघांनी देवपुरात दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं केली. एक आठवडा आईकडे, एक बाबाकडे, असं वेणूचं दप्तर फिरत राहिलं. समान ताबा म्हणतात तो हाच.

मग पाण्याच्या पाइपांनाच स्वतःचं पाणी तपासता येऊ लागलं आणि प्रयोगशाळा बंद पडली. केतकीने धुळ्यात, जळगावात, नाशकात खूप हातपाय मारले. काम मिळालं ते थेट वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या नव्या प्रकल्पात. ज्या गावात नळाला पाणी कधी येईल याकडे डोळे लावून माणसं बसतात, त्या गावची मुलगी समुद्र गाळायला निघाली होती. काम तिच्या मनासारखं होतं. प्रश्न वेणूचा होता.

पूर्वी अशा वेळी न्यायाधीश मुलाला आपल्या खोलीत बोलवायचे आणि प्रेमाने विचारायचे, "बाळ, तुला कुणाकडे राहायचंय?" मुलं आवंढा गिळायची. कुणी पढवलेलं बोलायची, कुणी दोघांची नावं घेऊन हुंदके द्यायची. त्या जाचातून मुलांना सोडवायचं म्हणून ताणपट्टी आली. आई-बाप वेगळे झाले, की मुलाच्या मनगटावर ती चढायची. ती आणणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

पट्टीचं शास्त्र तसं सोपं. मनावर ताण आला की मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात सोडतात. त्याचा अंश घामात उतरतो. पट्टीच्या आतल्या बाजूला, कागदाहून कितीतरी पातळ थरावर, फक्त कॉर्टिसॉलचाच रेणू बसेल अशा खाचा कोरलेल्या असतात. कुलपात किल्ली बसावी तसा रेणू खाचेत बसला की थरातून वाहणारा वीजप्रवाह जरासा बदलतो. त्याला हृदयाच्या ठोक्यांमधल्या चढउताराची जोड दिली की मुलाचा ताणांक निघतो. ठिपका हिरवा, पिवळा किंवा लाल होतो, आणि त्याच ताणांकाची रेष आईच्या फोनवर, बापाच्या फोनवर आणि न्यायालयात दिसत राहते. मुलाला काही विचारावंच लागत नाही. त्याचं शरीरच साक्ष देतं.

या साक्षीवर कायदा उभा राहिला. पालकांपैकी एकाला मूल घेऊन दूर जायचं असेल, तर शाळेच्या एका सत्रापुरती परवानगी मिळायची. त्या सत्रात मुलाचा सरासरी ताण मूळ घरी होता त्याहून फारसा वाढला नाही, तर ते नवं घर कायम. वाढला, तर मूल मूळ घरी परत.

हर्षदने सुनावणीत विरोध केला होता. "मला केतकीचं वाईट करायचं नाही," तो म्हणाला होता, "पण सकाळी उठल्यावर माझी पोर माझ्या गावात नसेल, हे मला सोसणार नाही." खोटं त्यातही काही नव्हतं.

वेंगुर्ल्याला आल्यावर केतकीच्या ध्यानात आलं, की परवानगी मिळाली म्हणजे मोकळीक मिळाली असं नाही. घरात ती पावलं न वाजवता चालू लागली. वेणूने दूध सांडलं तर "असू दे हं," अभ्यास टाळला तर "असू दे हं." शाळेतल्या बाईंनी वेणूला फळ्यापाशी बोलावणं सोडलं, उद्या न्यायालयाने शाळेला विचारलं तर? वर्गातल्या मुलींना घरून ताकीद होती, पट्टीवाल्या मुलीशी भांडायचं नाही. खेळात वेणूवर राज्य यायचंच नाही. समोर समुद्र होता, रोझलिन रोज लाटांत डुंबायची, आणि वेणू वाळूत कोरडी बसून असायची. पाण्याची भीती वाटली आणि रेष चढली तर काय घ्या!

केतकीच्या हातात पट्टी नव्हती, पण तीही मोजलीच जात होती. राग आला की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि तोंडावर टॉवेल दाबून धरायची. बाहेर येताना चेहरा हसरा. एकदा आरशात तिला स्वतःचंच ते हसू दिसलं आणि ती दचकली.

रेष मात्र सुरेख होती. सपाट, हिरवी. बालहित अधिकारी वाघुळदे मॅडम दर पंधरवड्याला पडद्यावर यायच्या आणि कौतुक करायच्या. "छान रुळलीय हो तुमची मुलगी. असंच चालू ठेवा."

गुडघा फुटला त्या संध्याकाळी मात्र केतकीच्या डोक्यातून फिलूमावशींचं ते 'पोरीला रडू येत नाही का' जाईना. वेणू ओटीवर चित्र रंगवत होती. केतकी तिच्याशेजारी जाऊन बसली.

"वेणू, खूप दुखलं का गं मघाशी?"

"हो."

"मग रडली का नाहीस?"

वेणूने रंगाची कांडी खाली ठेवली. आईला एवढं साधं कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं. "रडलं की लाल होतं ना."

"अगं, पण दुखत असलं तर ते आपोआपच लाल होणार."

"नाही होत. दाखवू?"

तिने डोळे मिटले. काहीतरी आठवलं असावं. तिचे ओठ थरथरले आणि ठिपका पाहता पाहता पिवळा झाला, मग लाल. वेणूने नाकाने हळूच श्वास घेतला, त्याहून हळू सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं झालं. लाल रंग विझला, पिवळा आला, आणि मग हिरवा.

"पंख्याचं बटण बंद करतो ना, तसं आत करायचं," वेणू समजावून सांगू लागली. "आधी पंखा थोडा फिरतच राहायचा. आता लगेच थांबतो."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही. ठिपक्याकडे बघत बघत जमलं."

"कधी?"

"दुसरीत. पट्टी नवीन होती तेव्हा. लाल झालं की बाबा तुला फोन करायचा, मग तू ओरडायचीस, मग तो ओरडायचा." तिने पुन्हा कांडी उचलली. "हिरवं असलं की कुणी फोन नाही करत."

केतकी लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

आपल्या शरीरात काय चाललंय ते दाखवणारं यंत्र समोर ठेवलं, की माणूस हळूहळू शरीराला वळण लावू शकतो. नाडी मंद करणं, कपाळावरची शीर सैल करणं असे उपचार डॉक्टर असेच शिकवतात. ताणपट्टीने मुलांना ठिपका दाखवला, तेव्हा ती नुसतं मोजत नव्हती. नकळत शिकवतही होती. आणि मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

दुसऱ्या दिवशी प्रकल्पावर केतकीने जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला आणि वेणूच्या रेषेचे जुने महिने मागे मागे नेत पाहिले. निरोगी शरीरात कॉर्टिसॉल सकाळी उसळतं, त्यानेच तर माणूस झडझडून जागा होतो, आणि संध्याकाळी ते ओसरतं. वेणूच्या जुन्या रेषेत ही रोजची टेकडी होती. ती झिजत झिजत गेल्या वर्षभरात नाहीशी झाली होती. प्रकल्पात समुद्राचं पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाने ढकलतात. तिथल्या दाबमापकाचा काटा दिवसभर हललाच नाही, तर दाब छान आहे असं कुणी म्हणत नाही. नळी तुंबलीय म्हणून धावाधाव होते. तिने रोज पाहिलेली गोष्ट, आणि लेकीच्या बाबतीत तिला ती दिसली नव्हती. तिला दिसत होता तो फक्त रंग.

तिने हर्षदला फोन लावला. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "सत्र संपत आलंय, आणि आता हे नवीन काय काढलंस?"

"काढलं नाही रे. रेष हिरवी असण्यात फायदा माझाच आहे. मी कशाला बिघडवू?"

"माझ्याकडे ती खुशीत असायची, केतकी. मी रोज बघायचो रेष."

"मीही बघायचे. आपण दोघंही तेवढंच बघत होतो."

"तुला म्हणायचंय काय, मला माझी पोर कळत नाही?"

"आई गेल्या तो दिवस काढ," केतकी म्हणाली. "बघ फक्त."

हर्षदची आई गेल्या वर्षी गेली. वेणूचा तिच्यावर फार जीव. आज्जीच्या कुशीत झोपायची, आज्जीच्या हातचीच कळण्याची भाकर खायची. ती गेली तेव्हा वेणू बापाच्याच घरी होती.

हर्षदने रेष मागे नेत तो दिवस काढला.

"हिरवं आहे," तो शेवटी म्हणाला. "सगळा दिवस हिरवं आहे." थोड्या वेळाने त्याचा आवाज फुटला. "मी त्या दिवशी लोकांना सांगत होतो गं... पोर फार समजूतदार आहे म्हणून."

त्या आठवड्यात दोघांनी मिळून वाघुळदे मॅडमना गाठलं. दोघं दोन गावांहून एकाच पडद्यावर. पट्टी काढा, अशी त्यांनी विनंती केली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला काय वाटतं, ही पहिलीच मुलगी आहे?" त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "मी वर लिहिलंय. उत्तर येतं, यंत्र प्रमाणित आहे. एकदा स्थलांतराचा अर्ज दाखल झाला की मूल सज्ञान होईपर्यंत पट्टी निघत नाही. दोघा पालकांची संमती असली तरी नाही. घरी काढलीत, तर तो पुराव्यात ढवळाढवळ केल्याचा गुन्हा."

"मग आम्ही काय करायचं?" हर्षदने विचारलं.

"काहीच करू नका. सत्र असंच पार पडू द्या. रेष उत्तम आहे, वेणू आईकडे कायम होईल. हर्षदराव, तुमचा आता विरोध नसेल तर प्रश्नच मिटला."

"आणि ती मोकळी झाली तर? रडायला लागली तर?" केतकीने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "मग रेष चढेल. आणि नियम सांगतो की नव्या जागेमुळे चढली."

पडदा मिटला. केतकी ओटीवर बसून राहिली. दोन्ही दारं तिला लख्ख दिसत होती आणि दोन्हींना बाहेरून कडी होती. लेक जवळ हवी असेल तर ती अशीच मिटलेली राहायला हवी. ती उघडली, तर जाणार. महिनाभर गप्प बसायचं होतं, बस. पुढे सावकाश बघता आलं असतं. पण पुढे म्हणजे कधी? सज्ञान होईपर्यंत त्या पोरीने पंखा बंद करूनच बसायचं?

समोरून वेणू शाळेतून आली. तिने आईचा चेहरा पाहिला, लगेच मनगटाकडे पाहिलं आणि श्वास सोडला.

ते पाहिलं, आणि केतकीचं ठरलं.

तिने आपली जुनी सुती ओढणी फाडली आणि तिची पट्टी करून वेणूच्या मनगटाला गुंडाळली. ठिपका झाकला गेला. झाकायला कायद्याची मनाई नव्हती. आजवर कुणाला ते सुचलं नव्हतं, एवढंच.

"आई! मला दिसणार कसं?"

"नाही दिसलं तरी चालेल."

"पण लाल झालं तर?"

"होऊ दे."

"मग बाबा ओरडेल तुला."

केतकीने फोन लावून तिच्या कानाला दिला. "नाही ओरडणार गं राणी," पलीकडून हर्षद म्हणाला. "तू पाहिजे तेवढं रड. मी बघत बसणार नाही."

पण ठिपका झाकला म्हणून रडू लगेच येत नाही. बरेच दिवस काहीच घडलं नाही. वेणू कावरीबावरी झाली, सारखी ओढणी चाचपत राहिली. केतकीने न्हाणीघरात जाणं बंद केलं. तिला रडू आलं तर ती स्वयंपाकघरातच, लेकीच्या देखत रडली, आणि रडत रडत पोळ्या लाटल्या. वेणू डोळे मोठे करून पाहत राहिली.

मग एका रविवारी दुपारी रोझलिनने तिला हाताला धरून पाण्यात ओढलं. केतकी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. लाट आली, वेणूच्या डोक्यावरून गेली. ती वर आली ती नाकातोंडात खारं पाणी भरून, आणि तिने असा टाहो फोडला की किनाऱ्यावरचे कावळे उडाले. केतकीने तिला उराशी धरलं. आधी ती पाण्याच्या नावाने रडत होती. मग गुडघ्याच्या. मग कधीतरी ती "आज्जी, आज्जी" म्हणू लागली, आणि ते कितीतरी वेळ थांबलं नाही.

"रडांदे तिका," फिलूमावशी वाळूतून ओरडल्या. "रडांदे, काय जाना नाय."

त्यानंतर जणू बांध फुटला. वेणू चिडू लागली, दारं आपटू लागली. बाबाची आठवण आली म्हणून जेवणावरून उठली. रोझलिनशी तिचं कडाक्याचं भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी दोघी एकाच शिंपल्यावरून खिदळत होत्या. शाळेत तिने स्वतःहून फळ्यावर जाऊन गणित चुकवलं. सकाळी तिला हाका मारून उठवावं लागेना. रेषेतली ती टेकडी हळूहळू परत दिसू लागली होती. आणि रेष पिवळ्याच्या वर, लालातच राहू लागली. केतकी दिवसातून एकदा ती पाहायची आणि फोन मिटायची.

निकालाच्या दिवशी हर्षद वेंगुर्ल्याला आला. त्याने पडद्यावरच्या न्यायाधीशांसमोर स्पष्ट सांगितलं, "माझी हरकत मी मागे घेतो. माझी मुलगी इथे बरी आहे."

न्यायाधीश भल्या होत्या. त्यांनी रेष दोनदा पाहिली. "तुम्हा दोघांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही," त्या म्हणाल्या. "पण हा आता तुम्हा दोघांमधला वाद नाही. मुलीचा ताण मर्यादेच्या पार गेलाय, आणि त्यावर निर्णय घ्यायला कायद्याने मला दुसरी जागा ठेवलेली नाही." वेणूला मूळ घरी परत न्यावं, असा हुकूम झाला.

केतकीपुढे पर्याय होता. नोकरीवर राहायचं, आणि लेक सुट्टीत भेटायची. तिने राजीनामा दिला. प्रकल्पावरच्या लोकांनी तिला निरोपाला शेंगदाण्याचे लाडू दिले आणि धुळ्यात आता काय करणार असं विचारलं. "बघू," ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

निघायच्या सकाळी हर्षद गाडी घेऊन आला. सामान चढलं, आणि वेणू दिसेना. ती फिलूमावशींच्या फाटकाला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. आतून रोझलिनने तिचे दंड धरले होते. दोघी गळा काढून रडत होत्या.

"मला नाही जायचं! मी नाही येणार!"

हर्षदने घाबरून वाघुळदे मॅडमना फोन लावला. "मॅडम, रेष बघा. आत्ता बघा! एवढी लाल कधीच नव्हती. हे दाखवून थांबवता येईल ना?"

मॅडम म्हणाल्या, "मूळ घरी परतताना होणारा ताण धरत नाहीत, हर्षदराव. तशी तरतूदच नाही. मूळ घर म्हणजे बरं घर, असं गृहीत आहे."

हर्षदने फोन खाली केला. ज्या पोरीला परत आणायला तो कोर्टात उभा राहिला होता, ती पोर त्याच्याकडे येऊ नये म्हणून लोखंडी फाटकाला लटकली होती. तो तिच्यापाशी जाऊन मातीत बसला. फिलूमावशींनी एकेक बोट सोडवलं, तेव्हा त्याने मान फिरवली.

गाडी आंबोलीचा घाट चढू लागली. मागच्या सीटवर वेणू हमसाहमशी रडत होती.

"अपील मी करणार आहे," हर्षद रस्त्याकडे पाहत म्हणाला. "जिंकलेल्याने केलं तर निदान ऐकून तरी घेतील."

"वर्षं जातील."

"जाऊ देत."

केतकीने खिडकीबाहेर पाहिलं. बाजूला दरी होती, धुक्याने भरलेली, आणि तिच्यापलीकडचा समुद्र आता दिसत नव्हता.

"मला तुमचा राग आलाय," मागून आवाज आला. रडून घोगरा झालेला, पण खणखणीत. "दोघांचा पण. आई, तुझा पण आणि बाबा, तुझा पण. खूप राग आलाय. तुम्ही मला विचारलंच नाही. कुणीच विचारलं नाही!"

तिने पुढच्या सीटच्या पाठीवर लाथ मारली. मग आणखी एक.

ती बोलत राहिली, घाट संपेपर्यंत आणि घाट संपल्यावरही. दोघांपैकी कुणीही तिला गप्प बस म्हणालं नाही.